प्याल्यातली जवारी

वालूर, ता. सेलू
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं तू वाचत नाहीस, तेव्हा आपली जुनी सवयच बरी. चालणारं पेन शोधायला मात्र अर्धं घर उलथंपालथं केलं.

जीवन इथं लाईनमन म्हणून बदलून आला त्याला पाऊसकाळ होऊन गेला. घर बरं आहे. मला शिवणकामही मिळायला लागलंय. रविवार तेवढा खायला उठतो. चर्च पडलं परभणीला. एसटी मिळाली तर जातो, नाहीतर दोघं समोरासमोर बसून गीत म्हणतो आणि जीवन बेसूर लागला की मी हसते. दोघांची काय मंडळी होते का, तूच सांग.

पण लिहायचंय ते वेगळंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दत्तरावांची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन गेलं की हमखास लाईट जाते. डबे नंबरात, बाया पायरीवर. घरी जावं तर नंबर जातो आणि बसावं तर करायचं काय? सुनांची उणीदुणी तरी किती काढणार! अशाच एका दुपारी मी आपली गुणगुणत होते. सरजाबाई म्हणून शेजारीण आहेत, त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हण की, आमाला काय कान न्हाईत?" म्हटलं. मग म्हणे अर्थ सांग. अर्थ सांगता सांगता हरवलेल्या मेंढराची गोष्ट निघाली. सरजाबाईंची शेळी त्याच आठवड्यात हरवली होती! लाईट आली तरी बाई उठेनात. "आधी सांग, सापडलं का न्हाई?"

तेव्हापासून लाईट गेली की आमची बैठक. एक गोष्ट, एक गीत, आणि ज्याच्या घरी दुखणं असेल त्याच्यासाठी प्रार्थना. मध्येच लाईट आली तर अर्ध्या बाया आमेन न म्हणताच डबा उचलतात. अंगणवाडीतल्या धम्मशीलाताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "ताई, मी बुद्धाची लेक. बाप्तिस्मा-बिप्तिस्मा घेणार न्हाई. पण बसंन. चालंल?" म्हटलं, दळण तुमचं, पायरी दत्तरावांची, नाही म्हणणारी मी कोण? दत्तराव स्वतः माळकरी. त्यांची एकच अट, "दार उघडं ठिवायचं. जे चाललंय ते रस्त्यानं जाणाऱ्याला दिसू द्या."

आता मुद्द्याचं. इथं धुरपताबाई म्हणून एक म्हातारी आहे. माहेर तुमच्या जालन्याकडचं, ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन इकडं आली. इकडं ना चर्च ना पाळक, सासरची माणसं आधीच सगळं सोडून बसलेली. हळूहळू तिचंही सुटलं. गीत ऐकून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली गं. लग्नानंतर तिनं एकदाही प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेतलेला नाही. "डोळे मिटायच्या आधी एकदा घेऊ दे, माय," म्हणते. परभणीचे पाळकसाहेब यायला तयार आहेत. मामा पाळक असताना प्रभुभोजनाला वापरायचे, तो त्यांचा प्याला पाठवशील का? तिच्या आठवणीतल्यासारखा दिसणारा प्याला तोच आहे.

तुझी
राजेश्री


जालना
२२ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा कपाळाला हात लावला. अगं, उपासना म्हणजे काय दळण आहे? तिला वेळ असते, घंटा असते. तुझ्या मंडळीची वेळ विजेची तार ठरवणार? आणि आमेन न म्हणता उठणाऱ्या बाया! तुझे मामा खोकणाऱ्यालाही वेदीवरून डोळे वटारायचे.

इथं आमच्या चर्चमध्ये सगळं वेळेवर होतं. घंटा वेळेवर, बाकं पुसलेली, फुलं ताजी. बसायला माणसं तेवढी राहिली नाहीत. तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेली, आम्ही म्हाताऱ्या पुढच्या बाकावर बसतो म्हणून पाळकांना मागची रिकामी बाकं दिसत नाहीत. मी आता द्राक्षरससुद्धा लहान पातेल्यात करते. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कापडातून गाळायच्या. आधी मोठं पातेलं लागायचं.

धुरपताबाईचं वाचून मात्र जेवता जेवता उठले आणि कपाट उघडलं. म्हणून प्याला पाठवते. हे गेल्यापासून तो कपाटाबाहेर गेलेला नाही. दर शनिवारी मी पुसते, तेवढंच. आता नीट ऐक. टेबल पाहिजे, त्यावर पांढरं कापड पाहिजे. प्याला पाळकांच्याच हातात जाईल. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळेल. आणि त्या गिरणीतल्या पिठाचा एक कण त्याला लागता कामा नये.

जावईबापूंना आशीर्वाद. खांबावर चढताना सांभाळून म्हणावं.

सविताआत्या


वालूर
९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

सलाम. प्याला पोचला. सिताराम कंडक्टरांनी तो सेलूपर्यंत मांडीवर ठेवून आणला. म्हणाले, "पाळकीणबाईंनी मला अशी तंबी दिली की मी तिकिटं एका हातानं फाडली."

प्याला मी बायांना दाखवला. रागावू नकोस, घरी दाखवला, गिरणीत नाही. कशासाठी असतो ते सांगितलं. सरजाबाईंनी पदराला हात पुसून मगच त्याला बोट लावलं. धुरपताबाई नुसती बघत बसली. पाळकसाहेबांना नाताळामुळं सवड नाही, जानेवारी म्हणाले. ती रोज विचारते, "आले का गं साहेब?" थंडीनं तिला खोकला धरलाय.

आता एक गंमत ऐक, म्हणजे मला गंमत वाटत नाही पण तू हसशील. गावात उठवलंय की लाईट जात नाही, जीवन घालवतो! का, तर बायकोची मंडळी भरावी म्हणून! दोन माणसं गिरणीवर येऊन दत्तरावांना बोलून गेली. जीवनच्या साहेबांनीही त्याला बोलावून विचारलं. तो बिचारा म्हणतो, "साहेब, मला लाईट घालवता आली असती तर आधी माझ्या घरचा टीव्ही बंद केला असता." पण घरी आल्यावर जेवला नाही. दोन-चार बायांनी यायचं बंद केलंय. दळण टाकतात आणि कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहतात.

तू काळजी करू नकोस. निवेल सगळं.

राजेश्री


जालना
३ जानेवारी २०२५

राजेश्री,

"निवेल सगळं" म्हणे! पाळकसाहेब इकडं सभेला आले होते. त्यांच्याकडून सगळं कळलं. तू मला गंमत म्हणून लिहिलंस आणि तिकडं जावईबापूंच्या नोकरीवर आलंय. असल्या वादात पाळकसाहेब येणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

चर्चचं नाव चांगलं ठेवायला तुझ्या मामांचा जन्म गेला. गावात कोणाला दुखवायचं नाही, कुठं फसवाफसवीचा वाससुद्धा येऊ द्यायचा नाही, हे ते जपत आले. आता त्यांचा प्याला अशा ठिकाणी, जिथं लोक म्हणतात लबाडीनं माणसं जमवतात? खोटं असेल, मला ठाऊक आहे खोटं आहे. तरी नको. प्याला परत पाठव, आणि काही दिवस ती पायरी सोड.

सविताआत्या


वालूर
१० जानेवारी २०२५

आत्यास सलाम.

सांगितल्याप्रमाणे प्याला सितारामांच्या हाती पाठवत आहे. पोचल्याचं कळव.

राजेश्री


जालना
१६ जानेवारी २०२५

राजेश्री,

प्याला पोचला. कापड सोडलं तर काय! काठोकाठ जवारी.

हे काय समजायचं मी? पिठाचा कण लागू देऊ नकोस म्हटलं, म्हणून अख्खं धान्यच भरून पाठवलंस? का मी विधवा पाळकीण, मंडळीच्या दयेवर जगते, म्हणून मूठभर शिधा? हे गेल्यावर लोक पिशव्या घेऊन दाराशी यायचे. कुणी तांदूळ, कुणी साखर. मान खाली घालून घ्यायचे मी. ते दिवस तू पाहिलेत, राजे. तुझ्या हातून असलं काही येईल असं वाटलं नव्हतं.

जवारी ताटात ओतून ठेवली आहे. पाखरांना घालीन.

स.


वालूर
२ फेब्रुवारी २०२५

माझ्या आत्या,

शप्पथ सांगते, तुझं पत्र वाचून मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. काय हे मनात आणलंस गं तू!

मी रागात होते, हे खरं. म्हणून दोन ओळी खरडल्या आणि बाकीचं लिहिलं नाही. झालं असं, प्याला फडक्यात गुंडाळून मी गिरणीवरनं एसटीकडं निघाले होते. सरजाबाईंनी विचारलं कुठं. म्हटलं, आत्याचा आहे, परत पाठवते. त्या माझ्यावर अशा खेकसल्या! "रिकामं भांडं परत धाडायलीस व्हय? माय शिकिवलं न्हाई का तुला?" इथं शेजारच्या घरून वाटीत काही आलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. मी म्हटलं, हा प्रभूचा प्याला आहे. तर म्हणतात, "मग तर मुळीच न्हाई. देवाचं भांडं रिकामं कसं धाडायचं?" आणि आपल्या डब्यातली मूठ काढून घातली. मग धम्मशीलाताईंनी. मग कोपऱ्यावर उभ्या राहायच्या त्या बायासुद्धा आल्या, त्यांनी घातली. दत्तरावांनी घरून जवारी आणून घातली. शेवटची मूठ धुरपताबाईची. तिला कळलं होतं प्याला कुठं चाललाय. तरी घातली.

शिधा नव्हे आत्या, वानवळा होता तो. मला थांबवता आलं नाही. खरं सांगू, थांबवावंसंही वाटलं नाही.

आता पुढचं ऐक. जीवननं साहेबांच्या मागं लागून गावाला नवी डीपी आणली. स्वतः उभं राहून बसवली. आता लाईट जातच नाही! गावाचं तोंड बंद झालं, कारण बायकोची मंडळी मोडायला कोण आपल्या हातानं डीपी बसवील? मी मात्र त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बाया यायच्या, दळायच्या, निघून जायच्या. गिरणीच्या आवाजात नीट नमस्कारही ऐकू येईना. मला वाटलं, संपलं. लाईट होती म्हणून मंडळी नव्हती, लाईट नव्हती म्हणून होती. एवढंच होतं ते.

मग गेल्या गुरुवारी धुरपताबाई काठी टेकत आली. रिकामा डबा घेऊन! दाणा नाही त्यात. पायरीवर बसली आणि दत्तरावांना विचारते, "लाईट कवा जायची?" ते म्हणाले, "म्हातारे, आता न्हाई जायची." ती म्हणाली, "बरं. बसते." आणि बसूनच राहिली. दत्तरावांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा रांगेकडं. हात वर केला आणि खटका खाली ओढला. पट्टा थांबला.

"घ्या," म्हणाले, "गेली लाईट. ताई, म्हणा तुमचं गीत."

रांगेतली एकही बाई कुरकुरली नाही गं. सरजाबाईंनी तर आमेन सगळ्यात आधी म्हटलं, प्रार्थना संपायच्याही आधी. आता दर गुरुवारी चार वाजता खटका ओढायचा, असं दत्तरावांनी ठरवलंय.

धुरपताबाईचा खोकला वाढलाय. पाळकसाहेबांना मी कळवलंय. प्याल्याचं तू बघ. मी मागणार नाही.

राजेश्री


जालना
११ फेब्रुवारी २०२५

माझ्या राजे,

पाखरांना घातली नाही. तीन आठवडे ताट ओट्यावर होतं, मी त्याच्याकडं पाठ करून स्वयंपाक करत होते. तुझं पत्र आलं आणि मी ते ताट पुढ्यात घेऊन ढसाढसा रडले. म्हातारीला अक्कल कधी यायची, तर आता.

जवारी निवडली. बारीक खडे होते दोन, तुझ्या सरजाबाईंना सांग. एकटीला कशाला दळण म्हणून मी आजवर पाकिटातलं पीठ आणायचे. काल गल्लीतल्या गिरणीत जाऊन दळून आणलं. मनुका भिजत घातल्या आहेत. मोठं पातेलं काढलंय.

आता भांडं भरून आलंय म्हटल्यावर मला रिकामं पाठवता येत नाही. आणि भाकरी काही एसटीनं एकटी येणार नाही. पाळकसाहेबांना मी लिहिलंय: तुम्ही येणार नसाल तर मी येऊन त्या पायरीवर बसेन आणि तुम्ही येईपर्यंत उठणार नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं, येतो म्हणाले. वीस तारखेला, गुरुवारी दुपारच्या एसटीला बघ.

माझी अट तीच आहे हो. बाप्तिस्मा झालेल्यांनाच. पण भाकरी सगळ्यांच्या जवारीची आहे, त्याला मी काही करू शकत नाही.

आत्या


वालूर
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सलाम. सुखरूप पोचलीस ना? सितारामांनी निरोप दिला, पण तुझ्या हातचं वाचल्याशिवाय मला पटत नाही.

तू गेल्यापासून सरजाबाई तुझ्या नकला करतायत. प्रभुभोजनाआधी गिरणीतल्या टेबलावरची पिठाची भुकटी पदरानं झटकून वर पांढरं कापड कसं ताणलंस, त्याची. धम्मशीलाताई म्हणाल्या, "मी घेतलं न्हाई, पण माझी मूठ व्हती त्यात." आणि उरलेल्या पिठाच्या भाकरी तू ठेच्याबरोबर सगळ्यांना वाढल्यास, तेव्हा दत्तराव दोन खाऊन तिसरी मागत होते!

धुरपताबाई उठून बसते आता. डॉक्टरांचं औषधही लागू पडलंय. तू तिला जे गीत लिहून दिलंस ते तिला वाचता येत नाही, पण उशाखाली ठेवलंय.

आत्या, तू प्याला विसरलीस. ओट्यावर कापडासकट राहिलाय. सितारामांच्या हाती पाठवू का? यावेळी काय भरायचं यावरून बायांची भांडणं सुरू झालीत.

राजेश्री


जालना
१४ मार्च २०२५

माझ्या राजे,

विसरले नाही. ठेवून आले. कपाटात त्याची जागा रिकामी दिसते, शनिवारी फडकं हातात घेऊन दोन मिनिटं तशीच उभी राहते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तो आता तुमच्याकडंच राहू दे. गहू-तूर काही पाठवू नका म्हणावं, भांडू नका.

त्या दिवशी धुरपताबाईनं दोन्ही हातांनी प्याला धरला, घोट घेतला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. तू माझ्या कानाला तोंड लावून सांगितलंस, "चव तीच हाय म्हणते." तिथं सांगितलं नाही, ते आता सांगते. तिच्या माहेरच्या मंडळीला रस माझ्या सासूबाई करायच्या. त्यांनीच मला शिकवला. इतकी वर्षं मी पातेलं लहान लहान करत आले आणि वाटायचं, आता हे कुणाला हवंय? तिकडं एक बाई जन्मभर ती चव जिभेवर घेऊन बसली होती गं. एसटीत सगळ्या वाटेनं रडले मी. सितारामांनी मला तिकीट देऊन वर चहा पाजला.

आता एक सांगते, हसायचं नाही. मी आता दर गुरुवारी आमच्या गिरणीत जाते. वाटीभर का होईना, दळण नेते. काल तिथं बसले असताना बायका एकदम इकडंतिकडं बघायला लागल्या. मला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं थांबलाही कळत नाही. पट्टा उभा दिसला तेव्हा कळलं, लाईट गेली. सगळ्या डब्यांपाशी गप्प बसलेल्या. पुढच्या बाकावर बसून मला कधी एवढी माणसं दिसली नव्हती.

पाळकीण म्हणून मिरवले जन्मभर, पण परक्या बायकांपुढं एकटीनं तोंड कधी उघडलं नव्हतं. मग मी आपलं सुरू केलं, तुझं ते मेंढराचंच गीत. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, सूर लागला की नाही देव जाणे. एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. पण राजे, दाराशी एक बाई बसली होती, मांडीवर डबा घेऊन, आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिला गीत येत होतं! दुसरं कडवंसुद्धा!

कोण, कुठली, काही कळलं नाही. लाईट आली आणि ती दळण घेऊन निघून गेली. मी पुढच्या गुरुवारी लवकर जाऊन दाराशीच बसणार आहे. आणि लाईट नाही गेली, तर गिरणीवाल्याला खटका ओढायला लावीन.

तुझी
आत्या